भामावैनीची भारेवाली

भामावैनी गाण्याचं नाव कधी सांगत नसे. तिला ते ठाऊकच नसायचं. आमच्या बाजारात संतोषचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे मेमरी कार्डात गाणी भरून मिळतात. लोक जातात, सिनेमाचं नाव सांगतात, नाहीतर गायकाचं, आणि कार्ड भरून घेऊन येतात. भामावैनी जायची आणि काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणायची, "संतोषा, ता एक गाणा घाल रे. होडयेवाल्याचा. सांज झाली आसा, शेवटची होडी सुटता आणि तो खाडयेच्या पलतडच्या माणसाक हाक मारता."

संतोष चाळिशीचा, शांत माणूस. तो म्हणायचा, "काकी, असा गाणा हिंदीत नाय."

"नाय कसा? परवा लग्नात वाजला. मी जेवान सोडून ऐकलंय."

मग ते गाणं कुठलं हे शोधण्यात त्याची दुपार जायची. होडीवाल्याचं गाणं शेवटी सापडलं तेव्हा कळलं की सिनेमात ते एक दारू प्यायलेला माणूस हॉटेलात बसून म्हणतो. खाडी नाही, होडी नाही. संतोषने तिला तसं सांगितलंही. भामावैनी जरासुद्धा गडबडली नाही. "पियालो असतलो," ती म्हणाली. "होडी चुकली म्हणान पियालो."

माझी तिची ओळख काजूच्या कारखान्यात झाली. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. एका टोकाला बी वाफवतात आणि फोडतात, दुसऱ्या टोकाला आम्ही बारा बायका खाली बसून गराची साल काढतो. पहिल्या दिवशी मी अगदी भिंतीकडची जागा धरली होती. तिथे कोणी बोलायला येणार नाही असा माझा हिशेब होता. मला बोलायला जमत नाही. बाजारातसुद्धा मी वस्तूकडे बोट दाखवते. थोड्या वेळाने एक ठेंगणी, रुंद बाई आपलं गोणपाट ओढत ओढत माझ्याशेजारी येऊन बसली. तोंडात पान होतं. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी असेल.

"नाव काय गो तुझा?"

मी सांगितलं.

"वायच मोठ्यान सांग. काजींका पण ऐकाक येवंदे."

मी पुन्हा सांगितलं, "सुमन." तिने मान हलवली, हाताला खोबरेल चोळलं, मलाही थोडं दिलं, आणि पिशवीतून एक लाल स्पीकर काढला. जत्रेत मिळतो तसला, पावाएवढा. त्याला ती 'डबो' म्हणायची. डबो दोन गुडघ्यांच्या मध्ये ठेवून तिने बटण दाबलं आणि सुरी हातात घेतली. त्या दिवसापासून सहा वर्षं मी तिच्याशेजारी बसले.

गाणी बहुतेक हिंदी असायची आणि भामावैनीला हिंदी येत नव्हतं. मुंबईला दोनदा जाऊन आल्यामुळे 'कितना' आणि 'नहीं' एवढे दोन शब्द तिला पक्के येत होते. पण प्रत्येक गाण्याचा अर्थ ती सांगायची, आणि तोही असा, की गाणाऱ्याने स्वतः घरी येऊन तिला सांगितला असावा. शेडमध्ये एक-दोघी बारावी झालेल्या मुली होत्या. त्यातली एक एकदा म्हणाली, "वैनी, शब्द तसे नायत गो." भामावैनीने सुरी न थांबवता उत्तर दिलं, "तुका हिंदी येता म्हणान तू शब्द ऐकतंस. माका येणा नाय, म्हणान माका बाकीचा सगळा ऐकाक येता."

हे तिने उगाच म्हटलं नव्हतं. ती खरोखरच बाकीचं सगळं ऐकायची. आवाज कुठे चढला, कुठे थांबला, ढोलकी कुठे आली, गाणारीने श्वास कुठे घेतला. एक गाणं होतं, सुरुवातीला अगदी हळू आणि पुढे एकदम धावायला लागणारं. लग्नात पोरं त्याच्यावर नाचतात. भामावैनी म्हणाली, हे रापणीचं गाणं. आधी दोर ओढतायत, जाळं जड आहे, कोणाला काही दिसत नाही. मग मासळी चमकली आणि सगळे धावले. तारकर्लीला तिचं माहेर, तिने लहानपणी किनाऱ्यावर उभं राहून रापण ओढलेली. तिने सांगितल्यावर आम्हालाही ते तसंच ऐकू यायला लागलं. गाणं धावायला लागलं की कोणीतरी म्हणायची, "लागली गो रापण," आणि बाराही जणींचे हात भराभर चालायचे. मालक एकदा दारात उभा राहून बघत होता. रापणीच्या वेळी काजू जास्त सोलून होतात हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण डबो बंद करा असं तो कधी म्हणाला नाही.

माझी मुलगी लग्न होऊन गेली त्या आठवड्यातली गोष्ट. एक साधंच गाणं लागलं होतं आणि माझे डोळे भरून आले. मी मान खाली घातली, पण समोरच्या दोघी बघायला लागल्या. मला तर जमिनीत जावं असं झालं. भामावैनीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्या गाण्यात कांदो आसा. माझ्या पण डोळ्यांक लागलो." आणि पदराने स्वतःचे कोरडे डोळे पुसले. मग काय, समोरच्या दोघींनीही पुसले. पुढे ते गाणं आमच्यात कांद्याचं गाणं म्हणूनच राहिलं, आणि ते लागलं की जिला रडायचं असेल तिने खुशाल रडावं असा नियम झाला.

अर्थ सांगून झाला की ती कोपराने मला ढोसायची. "तुका काय दिसता गो ह्या गाण्यात?"

मी म्हणायची, "तू म्हणतंस तसाच."

"तुका कान माझे दिले हत काय देवान?" असं म्हणून ती पुढच्या गाण्याकडे वळायची. मला खरंच वेगळं काही दिसत नव्हतं. दिसलं असतं तरी बोलले नसते.

या सगळ्यात एक गाणं तिचं स्वतःचं होतं. त्याला ती 'भारेवाली' म्हणायची. बाईचा आवाज, जुनं गाणं, सावकाश चालणारं. तीनदा आवाज वर चढतो, मग शब्द थांबतात, नुसती वाद्यं वाजतात आणि मग आवाज पुन्हा निघतो. भामावैनीच्या मते ही बाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन ओहोळाकडून घरी चालली आहे. वाट चढणीची आहे, पायऱ्यापायऱ्यांची. "ऐक, आता एक पायरी. आता दुसरी. आता बघ, मधला वाजाप इला, म्हणजे तिने भारो खाली ठेवलो. घाम पुसता. आता परत उचाललो."

तिचा नवरा बोटीवर होता, वर्षातले दहा महिने समुद्रात. घर उंचावर, शेत खाली. गवत, लाकडं, पेंढा, सगळं तिने पंचवीस वर्षं त्याच चढणीने डोक्यावरून आणलं. नवरा वारला तेव्हाही आणतच होती. ती याबद्दल कधी रडगाणं गायली नाही. फक्त भारेवाली लागली की डब्याचा आवाज दोन घरं वाढवायची आणि म्हणायची, "ह्या बायलेक भारो उचलूक कोण हात लावूक येणा नाय. पण रडता काय बघ. नाय रडणा." एकदा हळूच मला म्हणाली, "ही माका वळाखता गो."

मग तिचे गुडघे गेले. खाली बसायला येईना, बसलं तर उठायला येईना. विरारला असलेला मुलगा, उमेश, येऊन म्हणाला, आता पुरे, तू आमच्याकडे चल. सून चांगली आहे. भामावैनी हो म्हणाली. शिमगा झाला की जायचं ठरलं. ती तयारीला लागली आणि तयारीतच घोटाळा झाला.

प्रवासात डबो हरवला तरी गाणी हरवू नयेत म्हणून तिने त्यातलं कार्ड काढलं आणि आपल्या जिवापाड जपलेल्या जागी ठेवलं, म्हणजे पानाच्या पिशवीत. पिशवीत चुन्याची डबी होती आणि डबीचं झाकण सैल होतं. दोन दिवसांनी कार्ड बाहेर आलं ते पांढरंशुभ्र. तिने ते धुतलं. धुतल्यावर उन्हात वाळवलं. संतोष ते बघून म्हणाला, "काकी, ह्याचा आता लोणचा पण होवचा नाय."

त्याने नवं कार्ड दिलं आणि तीनशे गाणी भरली. होडीवाला त्याला आठवत होता, रापण मीच त्याच्या यादीत बोट दाखवून आणली, कांदाही सापडला. भारेवाली सापडेना. ते गाणं तिच्या कार्डात मुळात आलं होतं कोणाच्या तरी जुन्या कार्डातून, संतोषने ते भरलंच नव्हतं. भामावैनीने त्याला सगळा अर्थ सांगितला, पायऱ्यांसकट. त्याने तिला जात्यावरच्या ओव्या दिल्या. दुसऱ्या वेळी आदिवासींचं नाचगाणं दिलं. गाऊन दाखवा म्हटलं तर तिचा आवाज अजिबातच सुरात नव्हता. तिने चार ओळी म्हटल्या आणि संतोष हसू दाबत काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकला.

निघायला चार दिवस उरले. शेडमध्ये ती आता कामाला येत नव्हती, पण दुपारी येऊन स्टुलावर बसायची. त्या दिवशी ती डबो न लावताच बसली होती. मी म्हटलं, "बाकीची आसत मा गाणी."

"आसत," ती म्हणाली. "पण थय माका वळाखणारी कोण? सकाळी सात वाजता झील जातलो, सून जातली. दार लावून मी आणि भिंती. ही भारेवाली एकटी माझ्याबरोबर येतली म्हणान मी हो म्हटलेलंय."

एवढं बोलून ती पान लावायला लागली. सहा वर्षांत तिला असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. त्या गाण्याची चाल मला अगदी पाठ होती. साल काढताना तोंडातल्या तोंडात मी ती रोज गुणगुणायची, आणि ते फक्त तिलाच ठाऊक होतं, कारण तीच एवढ्या जवळ बसायची. तिने मला ते करायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी कदाचित नाहीच म्हटलं असतं. संध्याकाळी मी म्हटलं, "वैनी, उद्या संतोषकडे जावया."

दुकानात नेमकी गर्दी होती. दोन माणसं रिचार्जला आलेली आणि आमच्याच बाजूचा रिक्षावाला बाबल फोनची काच बदलायला बसलेला. मला परत फिरावंसं वाटलं. भामावैनी माझ्या मागे दारातच उभी होती, आणि ती दारात उभी राहिली की दार भरायचं. मी पदर तोंडाशी घेतला, भिंतीकडे तोंड केलं, तिथे मोबाईलची रंगीत कव्हरं टांगलेली होती, आणि त्या कव्हरांना गाणं म्हणून दाखवलं.

संतोषने आपला फोन माझ्याजवळ धरला. आजकाल फोनला नुसती चाल ऐकवली तरी तो गाणं ओळखतो म्हणे. फोनने विचार केला आणि एक भजन लावलं. मी पुन्हा म्हटलं. त्याने दक्षिणेकडचं काहीतरी लावलं. "ताई, वायच मोठ्यान," संतोष म्हणाला. रिचार्जवाले दोघं बोलायचे थांबले होते. माझे कान तापले होते. शब्द मला नीट येत नव्हते, म्हणून मी चढ-चढ-चढ झाल्यावर मधलं वाजप पण तोंडाने म्हटलं, आणि शेडमध्ये सुरीच्या मुठीने ठेका धरायची सवय, तशी काउंटरवर बोटं वाजवली.

"थांबा," बाबल मागून म्हणाला. "ह्या गाणा माझ्या रिक्षेत आसा."

संतोष म्हणाला, "मगे आधी कित्याक बोललंस नाय? आठ दिवस शोधतंव आमी."

"तुमी भारो घेवन चढणाऱ्या बायलेचा इचारी होतास. ह्या उताराचा गाणा. मागे तीन माणसा, फुडे उतार, ब्रेकार पाय. मधला वाजाप येता थय मी रिक्षा कडेक घेतंय, ब्रेक थंड होवंदे म्हणान."

भामावैनी दारातून आत आली. "बाबल्या, तुझ्या ब्रेकाचो आणि हिचो काय संबंध? ती चढता."

"उतरता, काकी."

"चढता. दम लागलो आसा तिका, ऐकूक येणा नाय तुका?"

"दम न्हय तो. भियाली हा ती. मागे बसलेली सगळी अशीच भियातत."

बाबलकडून संतोषला आता गाण्याचं नाव मिळालं होतं. त्याने गाणं लावलं आणि फोनचा पडदा आमच्याकडे फिरवला. मी भामावैनीकडे पाहिलं, कारण मला पडद्यावर बघायची भीती वाटत होती. होतंही तसंच. बर्फाचा डोंगर होता. पिवळ्या साडीतली एक नाजूक मुलगी होती, केस मोकळे, आणि ती एका उंच माणसाचा हात धरून बर्फावरून खाली घसरत होती. दोघं हसत होती. भाऱ्याचा पत्ता नव्हता.

"बघा," बाबल म्हणाला. "उतरता."

दुकानातले सगळे हसले. भामावैनीने फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितलं आणि परत दिला. तिला तिची भारेवाली अशी दाखवायला मीच आणलं होतं.

"संतोषा," ती म्हणाली, "ही जी घसरता, ती गाता काय?"

"नाय ओ काकी. ही नुसती ओठ हलयता. गाणारी वायली. ती मुंबयत स्टुडिओत गायली."

"मगे तसा सांग. नाचता ती वायली, गाता ती वायली. ह्या चेडवाक काय म्हायत? गाता तिका भारो म्हायत आसा. आवाज काय असोच येता?"

"मगे ती रिक्षेत पण बसली असतली," बाबल म्हणाला.

भामावैनीने यावर क्षणभर विचार केला. "बसली असतली," ती म्हणाली. "भारो घेवन."

गाणं कार्डात गेलं. आम्ही चालत घरी निघालो. तिचे गुडघे दुखत होते म्हणून हळूहळू. डबो तिने पोटाशी धरला होता आणि भारेवाली वाजत होती. दुसरं वाजप आलं तेव्हा तिने विचारलं, "आता तरी सांग. तुका काय दिसता?" चार माणसांसमोर गाऊन आले होते, बहुधा त्याचंच वारं अंगात होतं. मी म्हटलं, "माका थय दुसरी एक दिसता."

"दुसरी कोण?"

"तू म्हणतंस, मधल्या वाजपात ती भारो खाली ठेवता. ठेवक एकटीक येता गो वैनी. पण परत डोक्यार घेवक कोण तरी हात लावूकच व्हयो. आणि गाणा तर फुडे चलता. म्हणजे कोण तरी हात लावल्यान."

ती थांबली. मला वाटलं गुडघा धरला. तिने डबो बंद केला, पुन्हा लावला, वाजप येईपर्यंत रस्त्याच्या मधोमध उभी राहून ऐकलं. मागून आलेल्या मोटरसायकलवाल्याला आम्हाला वळसा घालून जावं लागलं.

"खरा गो," ती म्हणाली. "मोठो भारो एकटीक कधीच डोक्यार घेता येवक नाय. मधल्या पायरेर वेंगुर्लेकरांची म्हातारी बसान असायची. हात लावायची आणि परत बसायची. एक शब्द बोलायची नाय." मग थोडं चालल्यावर म्हणाली, "इतकी वर्सा ऐकतंय, माका ती कशी दिसाक नाय?"

फाटकाशी पोचल्यावर म्हणाली, "आणि ह्या सहा वर्सा पोटात ठेवन बसलंस?" मी सांगितलं की मला ते दुकानातच दिसलं, वाजप म्हणताना. तिला ते पटलं.

ती गेली त्या दिवशी आम्ही सात-आठ जणी कुडाळला स्टेशनवर गेलो होतो. कोणी आमसुलं दिली, कोणी कुळथाचं पीठ. उमेश सामान मोजत होता. भामावैनी बाकावर डबो मांडीवर घेऊन बसली होती. एकीने म्हटलं, लाव गो एखादं. ती म्हणाली, "हय नको. हय तुमी आसास." गाडी आली, तिला चढवायला चौघी लागल्या, आणि गाडी गेली. परतीच्या रिक्षेत बाबलने भारेवाली लावली. उतार आला तेव्हा त्याने ब्रेकवर पाय ठेवला आणि आरशातून आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळ्याजणी हसलो.

आठव्या दिवशी तिचा फोन आला. मला फोनवर बोलणं समोरासमोर बोलण्याहून कठीण जातं, पण तिच्याशी बोलताना तसं फार बोलावं लागतच नाही. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, पाणी दोन वेळा येतं, सून भात मऊ करते, मुलगा रात्री नऊला येतो, हे सगळं तिने एका दमात सांगितलं. मग म्हणाली, "काल लावलंय गो भारेवाली. मोठ्यान. आणि दारार थाप पडली."

"कोण?"

"शेजारीण. साताऱ्याकडची. हात पिठाचे, तशीच इली. माका वाटला, आता भांडतली. मी डबो बंद केलंय. तर ती म्हणता, बंद का केलंत? लावा की परत."

"मगे?"

"लावलंय. दोनदा ऐकल्यान, थयच उंबऱ्यार उभी रवान. आणि माका म्हणता, ही बाई नदीवर धुणं धुतीय. धुणा, सुमा. तो चढ येता मा, ता म्हणे कापड आपटता. आणि मधल्या वाजपात पिळता."

मी हसू आवरत विचारलं, "तू काय म्हणालंस?"

"काय म्हणतलंय? तिच्यो पोळ्यो करूच्यो रवलेल्यो, ती धावली. पण मी सोडूची नाय तिका. आज दुपारी चायक बोलवलंय. उद्या तिने बोलवल्यान हा. ह्या काय एका दिवसात समजावचा काम न्हय."